देसलेबाईंचं पथ्य

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्रावर इतका हक्क सांगणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. आमचं कॉलेज शहापूरला. इथे पाणी म्हणजे भातसा नदी, नाहीतर धरण. डोंगर म्हणाल तितके. अशा ठिकाणी सुमन देसले नावाची ही प्राणिशास्त्राची बाई वर्गात शिरली की पहिल्या वाक्यापासून पोरं थेट खोल समुद्रात. बाईंचा जन्म सिद्धगडाच्या पायथ्याचा, भातशेतीच्या घरातला. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो एम.एस्सी.च्या सहलीत, आणि तोही नेमका ओहोटीचा, म्हणजे नुसता चिखल आणि खडक. बाकीच्या मुली शिंपले वेचत होत्या तेव्हा बाईंनी खडकाला चिकटलेला एक नारिंगी बुळबुळीत गोळा बोटाने दाबून पाहिला. तो स्पंज होता. बाईंचं पुढचं आयुष्य त्या गोळ्यापाशीच ठरलं.

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायचो. स्पंज म्हणजे भांडी घासायचा, एवढंच माझं ज्ञान. हे मी एकदा स्टाफरूममध्ये बोलून गेलो आणि त्याची शिक्षा मला निवृत्त होईपर्यंत मिळत राहिली. चहा पिताना, पेपर तपासताना, कुणाच्या बारशाला गेलो तरी बाई शेजारी येऊन बसायच्या. "सर, भांड्याचा स्पंज कारखान्यात होतो. माझा स्पंज जिवंत असतो, खातो, पितो, पोरं काढतो." बारशाला हे वाक्य ऐकणाऱ्या आजीबाई आमच्याकडे कशा बघायच्या ते मी सांगत नाही.

बाई ठेंगण्या, काटक, चालणं असं की शेजारून चालणाऱ्याला पळावं लागे. सुती साडी आणि खाली कॅनव्हासचे बूट. हातात बाजाराची नायलॉनची पिशवी, आणि तिच्यातून भेंडी निघेल की बाटलीतला तारामासा, याचा काही नेम नसे. राहायच्या सापगावला, एका खोलीत, एकट्या. लग्नाचा विषय कुणी काढला की म्हणायच्या, "पटलं असतं तर केलं असतं." हे 'पटलं असतं तर' त्यांच्या सगळ्या कारभाराचं मूळ होतं. पटलं नाही म्हणून त्यांनी मुंबईच्या कॉलेजातली नोकरी नाकारली, पटलं नाही म्हणून सत्यनारायणाच्या पूजेला वर्गणी दिली नाही, आणि पटलं म्हणून आमच्या शिपायाच्या मुलीला चार वर्षं रोज सकाळी जीवशास्त्र शिकवलं. ती पोरगी आज नर्स आहे.

वर्गात बाई पुस्तकी मराठी बोलायच्या. चिडल्या की मात्र मुरबाडच्या गावबोलीवर उतरायच्या. "नाय कललं? मंग गप का बसलाव रे?" पोरं मुद्दाम त्यांना तिथवर आणायची. स्पंजाचा धडा मी व्हरांड्यातून इतक्या वेळा ऐकलाय की आज मीही घेऊ शकेन. स्पंजाला पाय नाहीत, दात नाहीत, नख्या नाहीत, पाठीवर कवच नाही. पळता येत नाही आणि लपताही येत नाही. येईल त्याने खावं अशी त्याची गत. मग तो करतो काय? बसल्या जागी विष तयार करतो. असं विष की पुन्हा कुणी तोंड लावणार नाही. आणि माणसाने शहाणपणा केला तो एवढाच, की हे विष आपल्या अंगातल्या माजलेल्या पेशींवर सोडून पाहिलं. रक्ताच्या कॅन्सरवरचं एक जुनं औषध माणसाला स्पंजावरून सुचलं. दुसरं एक औषध पिचकारीसारखं पाणी उडवणाऱ्या एका समुद्री प्राण्यातलं. हे सांगताना बाईंचा आवाज असा लागायचा की हे प्राणी त्यांच्या माहेरचे असावेत.

एकदा सुट्टीत त्या कोकणातल्या एका बंदरावर गेल्या आणि कोळ्यांच्या जाळ्यात अडकून फेकून दिलेले स्पंज दोन कॅनमध्ये भरून निघाल्या. कल्याणला एसटीत चढल्या तर एक कॅन गळत होता. वास काय विचारता. कंडक्टर म्हणाला, "ओली मासळी गाडीत नाय चालत."

"मासळी नाही ही."

"मंग काय झाडपाला हाय?"

"झाडपाला नाही. प्राणी आहे."

कंडक्टरने वाकून कॅनमध्ये पाहिलं. गाडीतल्या बायका नाकाला पदर लावून बसल्या होत्या. "प्राणी हाय ना, मंग तिकीट काढा," तो म्हणाला. दुसऱ्या कुणी हुज्जत घातली असती. बाईंनी आनंदाने तिकीट काढलं आणि पुढे कित्येक वर्षं प्रत्येक नव्या वर्गाला सांगितलं, "जे कंडक्टरला उभ्या उभ्या पटलं, ते तुम्हाला परीक्षेपर्यंत पटत नाही. स्पंज वनस्पती नाही. त्याला तिकीट पडतं."

बाईंचं दुसरं रूप मी मुरबाडच्या आठवडी बाजारात पाहिलं. सुक्या मासळीच्या रांगेच्या टोकाला एक माणूस पुड्या घेऊन बसायला लागला होता. समुद्रातलं औषध, गाठीवर रामबाण, परदेशात मोठमोठे शास्त्रज्ञ हेच देतात, वगैरे. व्हॉट्सॅपवर कुठूनतरी आलेलं त्याने तोंडपाठ केलेलं. बाईंना त्यांच्या एका विद्यार्थ्याने हे सांगितलं आणि दुसऱ्या आठवड्यात बाई तिथे हजर. भांडल्या नाहीत. त्याच्या शेजारी एक गोणपाट अंथरलं आणि बसल्या. गिऱ्हाईक थांबलं की शांतपणे म्हणायच्या, "हे समुद्रातलं आहे, खरं आहे. मीठपण समुद्रातलंच. मिठाने गाठ गेल्याचं ऐकलंय का कुठे?" मी खरेदीला गेलो होतो, मला बघून म्हणाल्या, "सर, जरा पाणी आणून द्या." म्हणजे मुक्काम लांबणार होता.

दुपारी तो माणूस काकुळतीला आला. "बाय, माझ्या पोटावर का येता? समुद्रातून औषध येतं हे तुमीच शिकिवता ना पोरांना?"

"येतं ना," बाई म्हणाल्या. "पण समुद्र आणि औषध यांच्या मध्ये कितीतरी वर्षं असतात, आणि शेकडो माणसं असतात, विष किती पोटात गेलं तर चालेल ते मोजणारी. तू त्या सगळ्यांना वगळलंस."

पुढच्या बाजारी बाई पुन्हा गोणपाट घेऊन गेल्या. तो आलाच नव्हता. त्यांनी तरी दुपारपर्यंत वाट पाहिली.

आता मुख्य गोष्ट. बाईंच्या गावी थोरला भाऊ आणि त्याची बायको पारूवयनी. सगळं गाव तिला वयनीच म्हणायचं, म्हणून मीही म्हणतो. वडील लवकर गेले तेव्हा दादाच्या मनात बहिणीला उजवून टाकावं असं होतं. नवी नवरी असलेली वयनी मध्ये पडली. "ती शिकंल. तिचा शेतातला काम मी करीन," एवढंच म्हणाली आणि लावणीपासून झोडणीपर्यंत दोघींचं काम एकटीने केलं. बाई हे कधी गहिवरून सांगायच्या नाहीत; पण वयनीचा फोन आला की तास चालू असला तरी उचलायच्या.

बाईंची आई माळकरी होती. गळ्यात तुळशीची माळ, मांसमच्छी वर्ज्य. ती गेली तेव्हा तिची माळ तिच्याबरोबर गेली. पण घरात एक तरी माळ राहावी ही तिची शेवटची इच्छा. दादा शिकारीतला माणूस, त्याला जमणारं नव्हतं. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "मला पटत नाही. आणि मी मासे सोडणार नाही." खरंच होतं ते. निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील आणि तांदळाची भाकरी यासाठी बाई कुठलीही मीटिंग सोडून उठल्या असत्या. मग वयनीने कुणाला न विचारता माळ घातली. तिलाही मासे आवडायचे, पण ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

वयनीला छातीची गाठ झाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, परत आले. काही वर्षं बरी गेली आणि मग दुखणं उलटलं. माझ्याकडे जुनी गाडी होती आणि निवृत्ती जवळ आलेली, त्यामुळे मुंबईच्या हॉस्पिटलला न्यायचं काम माझ्याकडे आलं. डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून सांगितलं की हे आता मुळातून जाणार नाही, पण थांबवून धरता येईल. आधीची औषधं देऊन झाली आहेत, आता हे नवं इंजेक्शन. बाईंनी चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि हॉस्पिटलच्या त्या व्हरांड्यात, जिथे कुणी मोठ्याने खोकत नाही, तिथे हसल्या. लोक बघायला लागले. मला वाटलं बाईंना धक्का बसला.

परतीच्या वाटेवर त्यांना राहवलं नाही. मागच्या सीटवर वयनीचा हात धरून म्हणाल्या, "वयनी, तुझं औषध माझ्या स्पंजातलं आहे गो. मी शिकवते ना, तोच."

वयनी त्यांच्याकडे वळली. "तू मना बरणीतला दाखवलेलास, तो? जीव ना तो?"

"प्राणीच. जन्मभर हेच तर शिकवत आले."

वयनीने गळ्यातल्या माळेवर बोटं ठेवली. "मंग मना नाय चालनार."

मी आरशात पाहिलं. बाईंचा चेहरा मला पुढे कित्येक दिवस दिसत होता. कंडक्टरला पटवलेलं, बाजाराला पटवलेलं, हजारो पोरांकडून घोकून घेतलेलं एकच सत्य, आणि ते नेमकं चुकीच्या माणसाला, चुकीच्या वेळी पटलं होतं.

इंजेक्शनच्या आदल्या दिवशी बाई मला घेऊन गावी गेल्या. सापगावचा पूल ओलांडल्यापासून गाव येईपर्यंत त्यांनी एकदाही स्पंजाचं नाव काढलं नाही, यावरून काय ते समजा. दादा अंगणातच थांबले होते. बहिणीला बाजूला घेऊन म्हणाले, "सुमे, तिला सांग झाडाचा हाय औषध. तुझा ती ऐकंल."

"नाही सांगणार."

"तिच्या जिवापरीस तुझा खरा मोठा झाला काय?"

"दादा, खोटं सांगून ती उद्याचं घेईल. पण हे औषध घेतच राहायचं आहे. मध्येच कुणीतरी खरं सांगेल, मग ती तेही सोडेल आणि मलाही सोडेल. मी दुसऱ्या रस्त्याने जाईन." कुठल्या रस्त्याने, ते त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. त्यांना ते माहीत नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

वयनी ओट्यावर वाल सोलत बसली होती. मी एका कडेला टेकलो. बाई तिच्यासमोर मांडी घालून बसल्या, सोलायला हात लावला आणि सुरुवात केली. जपानच्या समुद्रातला तो स्पंज. पोतीच्या पोती स्पंज वाटून हाती चिमूटभरही लागायचं नाही. मग माणसांनी ते कसं रचलंय हे बघून काचेच्या भांड्यात, एकेक पायरी करत, तसंच स्वतः रचलं. सगळं रचायचीही गरज पडली नाही, अर्धाच भाग कामाचा निघाला. "आता एकाही जिवाला हात लावत नाहीत, वयनी. हे माणसाने केलेलं आहे."

"पयल्यांदा कुनाला बघून केला?"

बाईंनी हातातला वाल सुपात टाकला. "जिवालाच बघून."

"नवरात्रात बोकडाच्या जागी कोहला कापतात," वयनी म्हणाली. "पन कापनारा बोकड म्हनूनच कापतो ना?"

बाईंनी वालाची नवी मूठ उचलली. मला गप्प राहता आलं नाही. मी म्हटलं, "वयनी, आधीच्या गोळ्यांत काय काय होतं ते तरी आपल्याला कुठे माहीत होतं?"

"सर, नकलत खाल्ला तो देवाचा. कलून खाल्ला तो माझा."

मी मराठीचा माणूस. इतकं नेटकं वाक्य मला जन्मात जमलेलं नाही. मी वाल सोलायला घेतले.

सूप भरत आलं. मग बाई म्हणाल्या, आणि हे त्या शिक्षिकेसारखं म्हणाल्या नाहीत, "वयनी, मना तू पायजेस. मी तुला फसवनार नाय. पन तू जगायला पायजेस, एवढाच मना कलता. तू सांग काय करू ते."

वयनीने सूप बाजूला ठेवलं. तिने बहुधा आधीच ठरवलं होतं. फक्त कुणी विचारायची वाट पाहत होती. उठली, तुळशीपाशी गेली, उभ्या उभ्या हात जोडून काहीतरी पुटपुटली आणि गळ्यातली माळ उतरवली. परत येऊन बाईंसमोर धरली.

"जवर माझा औषध चालू, तवर तू घाल. घरातली माल घरात रायली पायजे. तुझ्या आयशीला मी शब्द दिलाय, देवाला मी फसवनार नाय. पन बदली मानूस देता येतो."

"वयनी, मी देव मानत नाही. मला पटत नाही ते मी कसं..."

"देवाला नको मानू. मना मान. मासं नको खाऊ म्हंजे झाला."

बाईंनी चष्मा काढला. पदराने पुसला, परत घातला, परत काढला. आयुष्यभर प्रत्येक गोष्ट पटवून घेतलेली ही बाई. तिच्या डोक्यात काय चाललं असेल ते मी सांगू शकत नाही. मग त्यांनी मान पुढे केली. वयनीने माळ घातली, सरळ केली आणि म्हणाली, "उद्या किती वाजता निघायचा हाय?"

इंजेक्शन देऊन आणल्यावर बाई कॉलेजात आल्या आणि चर्चेला उधाण आलं. देसलेबाईंच्या गळ्यात माळ! ज्यांच्या पूजेला बाईंनी वर्गणी दिली नव्हती ते प्राचार्य मुद्दाम प्रयोगशाळेत येऊन गेले. "काय बाई, शेवटी आलात मार्गावर?"

"प्रयोग चालू आहे," बाई म्हणाल्या आणि सूक्ष्मदर्शकात डोळा घातला.

पथ्य मात्र त्यांनी असं पाळलं की खऱ्या माळकऱ्याने शिकावं. मासळीबाजाराच्या बाजूने जाणं सोडलं. लग्नात जेवताना वाढप्याला विचारायच्या, कुठल्या पळीने वाढतोस. मी चेष्टेने म्हटलं की बाई, कोण बघतंय. त्या चिडल्या. "माझ्या बाजूने कच्चं राहिलं आणि तिकडे काही बिघडलं, तर मी काय समजायचं? दोन्हींचा संबंध नाही हे मला माहीत आहे, सर. तरी नाही खाणार." वयनी तिकडे ठरल्या दिवशी हॉस्पिटलला जायची. पायांना मुंग्या यायच्या, थकवा यायचा, पण एकही वेळ चुकवली नाही. काही महिन्यांनी तपासणी झाली. गाठी वाढायच्या थांबल्या होत्या.

मी निवृत्त होऊन नाशिकला मुलीकडे राहायला जाण्यापूर्वी त्यांनी मला गावी जेवायला बोलावलं. त्या दोघींना एकत्र पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. डॉक्टरांनी वयनीला अंगात ताकद भरायला सांगितलं होतं, अंडी, मासे, जमेल ते. माळ गळ्यात नव्हती, तरी ती संकोचत होती. बाईंनी स्वतः बोंबलाचं कालवण केलं होतं, चव न घेता. वास ओट्यापर्यंत येत होता. दादा आणि मी भुरके मारत होतो. बाईंच्या ताटात वरण-भात. त्या वयनीच्या ताटावर वाकून, चष्मा नाकावर ओढून, बोंबलाचा काटा अलगद ओढून बाजूला काढत होत्या, कारण औषधाने वयनीची बोटं बधिर झाली होती.

"तू खा गो थोडा," वयनी म्हणाली. "तुझ्याच आवडीचा हाय."

"माझी माळ आहे," बाई म्हणाल्या. "तू गप खा. मीठ बरोबर आहे का तेवढं सांग."

"जरा कमी हाय."

"मग वरून घे."

आता मी नाशिकहून अधूनमधून फोन करतो. वयनी कशी आहे असं विचारायचा मला धीर होत नाही. मी आपलं विचारतो, "बाई, आज काय जेवलात?" परवाही विचारलं. पलीकडे नळ चालू होता. मग बाई भांडं आपटत वैतागून म्हणाल्या, "दुधी. परत दुधी. कंटाळा आलाय हो सर." म्हणजे माळ अजून बाईंच्याच गळ्यात होती. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.